रणशिंगाची चोरी आणि नगरचा मिलिगन

नगर शहराबाहेर, भिंगारला खेटून असलेल्या लष्करी छावणीत 16 एप्रिल 1918 रोजी तोफखान्यातल्या एका आयरिश माणसाला मुलगा झाला. वडील लिओ आल्फोन्सो मिलिगन, आई फ्लॉरेन्स. मुलाचं नाव ठेवलं टेरेन्स अ‍ॅलन. हाच पुढे स्पाइक मिलिगन म्हणून प्रसिद्धीला आला आणि विसाव्या शतकातल्या इंग्रजी विनोदाला त्याने असं काही वळण लावलं, की त्याच्यानंतर सरळ चेहऱ्याने पोलीसपट काढणं इंग्रजांना जड जाऊ लागलं.

त्या वर्षीचं नगर हे लष्कराचं आणि कैद्यांचं गाव होतं. 1803च्या ऑगस्टमध्ये आर्थर वेलस्लीने शिंद्यांकडून नगरचा भुईकोट घेतला. पुढे इंग्रजी अंमल पक्का झाल्यावर छावणी वाढत गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेतले बोअर युद्धकैदी इथे आणून ठेवले. पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर हिंदुस्थानात अडकलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक याच नगरच्या तळावर स्थानबद्ध झाले. मिलिगन जन्मला तेव्हा ते तारेच्या कुंपणाआड होतेच. नगरकर मात्र किल्ला म्हटला की 1942 सांगतात. नेहरू, आझाद, पटेल आणि काँग्रेस कार्यकारिणीतले इतर नेते तिथे होते, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथेच लिहिलं, हे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. छावणीत जन्मलेल्या विनोदवीराची आठवण या यादीत कुठे बसवायची, हा प्रश्नच आहे. तो ना कैदी, ना सेनापती.

मुलाचं बालपण नगरात गेलं नाही. बदलीच्या नोकरीमुळे कुटुंब पुण्यात आलं आणि टेरेन्स तिथल्या कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरीमध्ये शिकला. नंतर रंगून, आणि 1930च्या दशकाच्या सुरुवातीला सगळे इंग्लंडला गेले. लिओ मिलिगनला नाटकाचं वेड होतं. पलटणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत तो हौसेने गायचा, नाचायचा. म्हणजे पोराने घरात दोन गोष्टी एकदमच पाहिल्या: कडक इस्त्रीचा गणवेश, आणि तोच गणवेश उतरवून सोंग घेणारा बाप. छावणीत कोणी कोणाला सलाम ठोकायचा, कोणी कोणत्या दाराने आत यायचं, हे सगळं आधीच ठरलेलं. माणूस बिनडोक असला तरी खांद्यावरच्या पट्ट्या त्याला शहाणा ठरवतात. मिलिगनच्या पुढच्या सगळ्या लेखनात हा एकच माणूस वेश बदलून पुन्हापुन्हा येतो: हुद्दा आहे, अक्कल नाही, आणि या तफावतीचा त्याला पत्ताच नाही.

विनोदी गुप्तहेर म्हणजे तरी दुसरं काय?

मधल्या काळात मिलिगन स्वतः तोफखान्यात भरती झाला. उत्तर आफ्रिका, मग इटली. 1944मध्ये कॅसिनोच्या लढाईत तो जखमी झाला आणि मनाचा तोल ढळला तो कायमचाच. उत्तर आफ्रिकेत त्याच्या तुकडीची एक अवजड तोफ कड्यावरून घसरून खाली गेली. खाली दुसऱ्या तुकडीचा तळ होता, तिथे हॅरी सीकोम नावाचा वेल्श सैनिक बसलेला. थोड्या वेळाने मिलिगन तोफ शोधत आला आणि ती कोणी पाहिली का, अशी चौकशी करू लागला. सीकोमने हा किस्सा जन्मभर सांगितला. हरवलेली वस्तू घराएवढी, आणि शोधणाऱ्याचा आव टोपी हरवल्याचा. मिलिगनच्या पुढच्या तपासकथांचा साचा या प्रसंगात तयारच दिसतो.

युद्धानंतर सीकोम, मिलिगन, पीटर सेलर्स आणि मायकल बेंटाइन एकत्र आले. 28 मे 1951 रोजी बीबीसीच्या रेडिओवर त्यांचा पहिला कार्यक्रम ‘क्रेझी पीपल’ या नावाने लागला. लवकरच तो ‘द गून शो’ झाला आणि जानेवारी 1960पर्यंत चालला. भाग दोनशेहून अधिक झाले आणि त्यांतले बहुतेक मिलिगनने लिहिले किंवा लॅरी स्टीफन्ससारख्या सोबत्याबरोबर लिहिले. दर आठवड्याला एक संहिता हा रतीब त्याला झेपला नाही. 1952च्या अखेरीस तो कोसळला, सेलर्सच्या अंगावर सुरी घेऊन धावला आणि इस्पितळात गेला. तिथून बाहेर आल्यावर पुन्हा लिहीतच राहिला.

गून शोच्या कितीतरी भागांचा सांगाडा हेरकथेचा आहे. बेक्सहिल गावात अंधारात म्हाताऱ्यांवर पुडिंग फेकून मारणारा कोण? ब्रायटनमध्ये लोकांची डोकी भादरून पसार होणारा कोण? (दोन्ही भाग 1954चे.) नेडी सीगून हा भोळा, फुगीर तपासनीस निघतो, चुकीच्या माणसावर विश्वास ठेवतो आणि शेवटी स्वतःच गोत्यात येतो. गुन्हा इतका फालतू आणि यंत्रणा इतकी गंभीर, की दोन्ही एकमेकांना उघडं पाडतात. यातलं काहीही दिसत नव्हतं, सगळं फक्त ऐकायचं होतं, आणि त्यामुळेच ते चाललं. रेडिओवर एक माणूस खिशातून पियानो काढू शकतो. मिलिगन ध्वनिपरिणामांच्या बाबतीत इतका हट्टी होता, की एका विशिष्ट आवाजासाठी त्याने बीबीसीच्या उपाहारगृहातून कस्टर्ड मागवून ते मोज्यात ओतलं आणि तो मोजा फळीवर आपटला, असं त्याचे सहकारी सांगत. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटात रस्सा खाऊन उठणारा गडगडाट तर बीबीसीच्या 1958मध्ये सुरू झालेल्या रेडिओफोनिक वर्कशॉपने खास घडवला. इलेक्ट्रॉनिक ध्वनीच्या इतिहासात या पोटदुखीची नोंद आहे. पुण्या-नगरच्या मेसमधल्या रश्श्याने एवढी मजल मारली, हे आपल्याकडच्या खानावळवाल्यांना कळायला हवं.

या मंडळींचा कार्यक्रम पडद्यावर नेण्याचे बरेच खटाटोप झाले. त्यातला सगळ्यांत सरस म्हणजे 1956चा ‘द केस ऑफ द मुकिनीज बॅटल हॉर्न’ हा लघुपट. दिग्दर्शक जोसेफ स्टर्लिंग. कल्पना स्टीफन्सची, भर मिलिगन आणि सेलर्सची. खर्च साडेचार हजार पौंडांच्या घरात आणि लांबी जेमतेम अर्ध्या तासाची. मुकिनीज नावाचं रणशिंग संग्रहालयातून चोरीला जातं आणि स्कॉटलंड यार्डचा सुपरिंटेंडेंट क्विल्ट तपासाला निघतो. क्विल्ट म्हणजे सेलर्स, त्याच्या मागे चालणारा सार्जंट ब्राउन म्हणजे मिलिगन. शिवाय सेलर्सच यार्डचा सहायक आयुक्त होतो, तोच रेडिओवरून आलेला म्हातारा हेन्री क्रन होतो. मिलिगनही मधेच ब्राउनची टोपी उतरवून गून शोमधला येडबंबू एकल्स होतो. सीकोम या लघुपटात नाही, त्याच्या जागी डिक एमरी आहे. श्रेयनामावलीत चित्रपट ‘स्किझोफ्रेनोस्कोप’ या नव्या तंत्रात काढल्याची जाहिरात आहे. सिनेमास्कोप आणि तत्सम रुंद पडद्यांची तेव्हा नवलाई होती, तिला हा टोला.

या लघुपटाची चेष्टा नेमकी कोणाची आहे हे समजलं तरच त्याची गोडी कळते. त्या काळी ब्रिटिश चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी अर्ध्या तासाचे पोलीसपट दाखवत. मर्टन पार्क स्टुडिओत 1953पासून ‘स्कॉटलंड यार्ड’ नावाची मालिकाच निघत होती. एडगर लुस्टगार्टन हा वकिलीतून गुन्हेकथांकडे वळलेला लेखक त्यात टेबलामागून प्रेक्षकांकडे रोखून पाही आणि खर्जात प्रास्ताविक करी. मग ओव्हरकोटातला अधिकारी, धुक्यातली मोटार, चहाचा कप, संशयिताचं घर. गून मंडळींनी हा ऐवज तसाच उचलला. तीच लांबी, तोच ओव्हरकोट, तोच खर्जातला निवेदक. फक्त आत माणसं बदलली. विडंबन मूळ मालाच्या इतक्या जवळून केलं, की ते त्याच पडद्यावर, त्याच तिकिटात, पोलीसपटाच्या जागी दाखवता येत होतं. ही त्याची सगळ्यांत मोठी ताकद.

दुसरी ताकद सेलर्सची. त्याचा क्विल्ट मूर्ख आहे, पण खुळचट नाही. तो हळू बोलतो, विचार करून बोलतो आणि प्रत्येक वाक्य निष्कर्षासारखं उच्चारतो. संशयिताने उडवाउडवी केली तरी तो वहीत गंभीरपणे काहीतरी टिपून घेतो. विनोदी पात्राने स्वतःला विनोदी समजायचं नाही, हा नियम सेलर्सने इथे एकदाही मोडलेला नाही. मिलिगनला हे जमत नाही. तो सार्जंटच्या वेशात असतानाही डोळ्यांत मिश्किली राहते. लेखक म्हणून तो थोर, नट म्हणून स्वतःच्याच विनोदावर आतून हसणारा. दोघे एका चौकटीत उभे राहिले की हा फरक लगेच नजरेत भरतो.

आणि इथूनच दोष सुरू होतात. रेडिओवर खिशातून निघणारा पियानो पडद्यावर प्रत्यक्ष दाखवावा लागतो, आणि साडेचार हजार पौंडांत पियानोसुद्धा परवडत नाही. कित्येक प्रसंगांत कॅमेरा खोलीच्या कोपऱ्यात स्वस्थ उभा आहे आणि माणसं शब्दांचे खेळ करताहेत. डोळे मिटून ऐकलं तर बराच भाग अधिक मजेदार वाटतो. तपासही कुठे चढत नाही. एका संशयिताकडून दुसऱ्याकडे जायचं, तिथे एक प्रवेश करायचा आणि निघायचं. हेरकथेच्या विडंबनालाही हेरकथेची ओढ लागते. शिंग मिळालं काय, न मिळालं काय, असं प्रेक्षकाला मध्यावर वाटू लागलं तर हसण्याचा ताण सुटतो. इथे तो सुटतो. गून मंडळींच्या अचाट कल्पनेला खरं तर रेखाटलेलं शरीर हवं होतं, जे ताणता येईल, चपटं करता येईल, तोफेच्या तोंडी देता येईल.

बीबीसीला हे कळलं असावं. 1963-64मध्ये ‘द टेलीगून्स’ नावाने 26 भागांची बाहुल्यांची मालिका निघाली. आवाज मिलिगन, सीकोम आणि सेलर्स यांचेच. पण बाहुल्यांच्या हालचाली संथ आणि गून शोची गती वेगळीच, त्यामुळे प्रयोग अर्धवटच जमला.

खरी उडी दुसरीकडे पडली. 1963मध्ये ब्लेक एडवर्ड्सचा ‘द पिंक पँथर’ आला. त्यातल्या फ्रेंच इन्स्पेक्टर क्लूझोच्या भूमिकेसाठी आधी पीटर उस्तिनोव्ह ठरला होता. तो बाजूला झाला आणि भूमिका सेलर्सकडे आली. सेलर्सचा क्लूझो पाहताना क्विल्टची आठवण होतेच. तोच ओव्हरकोट, तीच अढळ गंभीरता, तेच हळूहळू चुकीच्या दिशेने चालत जाणं. बदल एकच आणि मोठा: आता वस्तूही त्याच्या विरोधात उभ्या राहतात. दार, गालिचा, पृथ्वीचा गोल, बिलियर्डची काठी. क्विल्टला शब्दांनी पाडलं होतं, क्लूझोला फर्निचर पाडतं.

‘पिंक पँथर’च्या श्रेयनामावलीसाठी गुलाबी चित्ता काढला तो डेपाती-फ्रेलेंग या नव्या स्टुडिओने. वॉर्नर ब्रदर्सने आपला कार्टून विभाग बंद केला, तेव्हा बग्ज बनीवाल्या फ्रिझ फ्रेलेंगने डेव्हिड डेपातीबरोबर तो थाटला होता. चित्ता इतका लोकांना आवडला, की त्याच्यावर स्वतंत्र कार्टून निघालं आणि 1964च्या ‘द पिंक फिंक’ला सर्वोत्कृष्ट कार्टून लघुपटाचं ऑस्करही मिळालं. त्याच वर्षीच्या ‘अ शॉट इन द डार्क’ या दुसऱ्या क्लूझोपटाच्या श्रेयनामावलीत खुद्द इन्स्पेक्टर रेखाटून आला, आणि डिसेंबर 1965मध्ये ‘द इन्स्पेक्टर’ मालिकेचा पहिला भाग ‘द ग्रेट द गॉल स्टोन ऑपरेशन’ पडद्यावर झळकला. 1969पर्यंत असे 34 भाग झाले.

पहिल्या भागातलं काम साधं आहे. एक मोठा हिरा इन्स्पेक्टरने आणि त्याच्या स्पॅनिश सार्जंट द-दने जपायचा आहे. हिऱ्यावर डोळा आहे मॅट्झोरायली बंधूंचा, म्हणजे एका धडावर तीन डोकी असलेल्या चोराचा. हीच ती गोष्ट जी 1956च्या लघुपटाला करता आली नव्हती. तीन डोक्यांचा चोर साडेचार हजार पौंडांत उभा करता येत नाही. कागदावर तो एका रेषेच्या अंतरावर असतो. सहा-सात मिनिटांत गुन्हा, पाठलाग, स्फोट आणि वरिष्ठांची बोलणी, सगळं उरकतं. हेन्री मॅन्सिनीचं ‘अ शॉट इन द डार्क’चं संगीत मागे चालतं आणि निम्मा विनोद ते एकटंच पेलतं. पार्श्वभूमी सपाट रंगांची आणि पॅरिस चार रेघांत. काटकसर होती खरी, पण तिच्यातून एक देखणी शैली निघाली. कमिशनरचं पात्र तर अव्वल आहे. इन्स्पेक्टरच्या प्रत्येक घोटाळ्याचा प्रसाद शेवटी त्याला मिळतो, आणि हुद्द्याची उतरंड छावणीइतकीच कडक राहते.

मात्र हे 34 भाग ओळीने पाहिले तर थकवा येतो. हालचाली मोजक्या, त्याच पुन्हा वापरलेल्या, आणि ज्या जागी शरीर बोलायला हवं तिथे तोंड बोलतं. इन्स्पेक्टरचं फ्रेंच हेलाचं इंग्रजी आणि द-दचं स्पॅनिश हेलाचं इंग्रजी, यांवर भागामागून भाग विनोद रेटले आहेत. ज्याला इंग्रजी नीट कळत नाही त्याच्या पदरात यातलं फारसं काही पडत नाही. शेजारचा गुलाबी चित्ता मुका होता, म्हणून तो जगभर फिरला. आपल्याकडे केबल आल्यावर गावोगावच्या पोरांनी चित्ता पोट धरून पाहिला आणि इन्स्पेक्टर लागला की पाणी प्यायला उठली, यात नवल नाही. त्याहून मोठा दोष स्वभावाचा आहे. सेलर्सच्या क्लूझोला स्वतःच्या थोरवीची खात्री होती. कार्टूनमधला इन्स्पेक्टर घाबरतो, चिडतो, कुरकुरतो. घाबरलेल्या मूर्खाला आपटताना पाहून हसू येतं, पण ते टिकत नाही. तीन डोक्यांपैकी एक डोकं ठोकळेबाज चिनी माणसाचं काढलं आहे, ते तर आज बघवत नाही.

मराठीत त्याच सुमारास काय चाललं होतं? बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांतले झुंजार आणि काळा पहाड वाचनालयांतून हातोहात जात होते. विनोद आणि तपास एकत्र आले ते भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत. फुरसुंगीचा हा किडकिडीत पोरगा सायकलवरून गुन्हेगारांच्या मागे लागतो आणि तोंडाने ट्टॉक करतो. इथेही कमाल आवाजाचीच. पण फेणेला हुद्दा नाही, म्हणून त्याची फजिती होत नाही. फजिती मोठ्यांची होते. कार्टूनची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी 1915मध्येच ‘आगकाड्यांची मौज’ करून पाहिली होती. तरीही मराठी विनोदी हेर रेखाटून पडद्यावर कोणी आणला नाही, आणि ही उणीव आजही भरलेली नाही.

मिलिगनच्या बाबतीत नगरकराला एक हिशेब मागता येतो. गून शोमध्ये लालकाका आणि बॅनर्जी ही दोन हिंदी पात्रं होती, मिलिगन आणि सेलर्सच्या तोंडी. युद्धात हवाई दलाच्या करमणूक पथकातून हिंदुस्थान फिरलेल्या सेलर्सचा कान तीक्ष्ण होता, आणि दोघांचं हे बोलणं ऐकताना आजही चटकन हसू फुटतं. पण 1969मध्ये मिलिगन चेहऱ्याला रंग फासून ‘करी अँड चिप्स’ या दूरचित्रवाणी मालिकेत अर्धा आयरिश, अर्धा पाकिस्तानी कामगार झाला, तेव्हा तक्रारींचा पाऊस पडला आणि सहा भागांत मालिका बंद करावी लागली. ते योग्यच झालं. नक्कल करणाऱ्याला आपण कोणाच्या बाजूने हसतो याचं भान सुटलं होतं. ज्या लेखकाने साहेबाच्या हुद्द्याची हवा काढली, त्यालाच साहेबाच्या नजरेतून दिसणारा हिंदी माणूस पुरता ओलांडता आला नाही.

गंमत अशी, की साहेबाच्या सरकारनेही त्याला पुरतं आपलं मानलं नाही. नागरिकत्वाचे कायदे 1960च्या दशकात बदलले तेव्हा, बाप आयरिश आणि जन्म हिंदुस्थानातला म्हणून त्याच्या ब्रिटिश पासपोर्टाची अडचण झाली. राजनिष्ठेची शपथ घे, असं सांगण्यात आलं. राजासाठी लढून जखमी झालेल्या या माणसाने नकार दिला आणि आयरिश नागरिकत्व घेतलं. 2001मध्ये नाइटहूड मिळालं तेही मानद, परदेशी माणसाला देतात तसं. 27 फेब्रुवारी 2002 रोजी ससेक्समध्ये तो वारला.

नगरच्या छावणीत आज चिलखती दलाचं केंद्र आहे आणि 1994पासून तिथल्या रणगाडा संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे मांडलेले आहेत. सहलीच्या बसेस तिथे रोज थांबतात. नगरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या फिल्म क्लबने येत्या 16 एप्रिलला मुकिनीज रणशिंगाची चोरी, तिच्यामागोमाग इन्स्पेक्टर आणि हिऱ्याचं कार्टून, असा पाऊण तासाचा कार्यक्रम ठेवावा. पडदा लहान असला तरी चालेल, ध्वनिक्षेपक मात्र आदल्या दिवशी तपासून घ्यावा.